बडोद्यात चांगला क्रोसाँ कुठे आणि कसा शोधावा

बडोद्यात चांगला क्रोसाँ मिळणं दुकानाच्या पाटीवर फारसं अवलंबून नाही. तीन गोष्टींवर ते ठरतं: आत खरं बटर आहे का, बनवणाऱ्याकडे थंड जागा आहे का, आणि ट्रे ओव्हनमधून निघाल्यावर किती वेळाने तुम्ही तिथे पोचता. म्हणून इथे दुकानांच्या नावांची यादी नाही. क्रोसाँ हा हाताचा माल आहे. कारागीर नोकरी सोडून गेला, मालकाने बटरऐवजी स्वस्त फॅट आणायला सुरुवात केली, एसी बिघडला, की त्याच काउंटरवर त्याच भावात वेगळीच वस्तू मिळू लागते. नावं पाठ करण्यापेक्षा पारख शिकून घेतलेली जास्त दिवस पुरते.

आधी खारी आठवा

बडोद्याच्या मराठी घरांत चहाबरोबर खारी कितीतरी पिढ्यांपासून आहे, आणि क्रोसाँ कळायला तीच खरी सुरुवात. दोन्हींत मळलेल्या मैद्यात फॅटची लादी गुंडाळून लाटतात, घडी घालतात, पुन्हा लाटतात. पण खारीत सहसा यीस्ट नसतं, फॅट बहुधा वनस्पती किंवा मार्जरीन असतं, आणि ती आतपर्यंत वाळेस्तोवर भाजतात. क्रोसाँच्या पिठात यीस्ट असतं. त्यामुळे तो बाहेरून खारीसारखा चुरचुरीत, पण आतून मऊ, ओलसर आणि जाळीदार हवा. तोडताना आतला भाग थोडा ताणला गेला पाहिजे.

हा फरक नीट धरून ठेवा, कारण शहरात क्रोसाँ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोष्टी म्हणजे पफच्या पिठाचा त्रिकोण गुंडाळून चंद्रकोर केलेल्या असतात. तोडल्यावर आतले पदर कोरडे आणि सुटे सुटे दिसले, जाळी कुठेच नाही, ताण नाही, तर तो पफ आहे. पफ म्हणून चांगलाही असेल, पण तुम्ही तो शोधायला निघालेला नाही.

चंद्रकोरीच्या आकाराचा हट्टही धरू नका. हा प्रकार मूळचा व्हिएन्नाच्या किप्फेर्ल या चंद्रकोरी पावावरून आला आणि पॅरिसमध्ये रुजला. फ्रान्समध्ये बटरचा क्रोसाँ बऱ्याचदा सरळ ठेवतात आणि वाकवलेला मार्जरीनचा असतो. आपल्याकडे असा संकेत कुणी पाळत नाही, त्यामुळे आकारावरून इथे काहीच कळत नाही.

शहरात कुठे बघायचं

मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार या जुन्या भागातल्या बेकऱ्या पाव, टोस्ट, नानखटाई आणि खारीसाठीच. तिथे क्रोसाँ विचारून वेळ घालवू नका.

सुरुवात मोठ्या हॉटेलांपासून करा. अलकापुरी, रेसकोर्स, सयाजीगंज या पट्ट्यात ती आहेत. ज्या हॉटेलात रोज सकाळी नाश्त्याचा बुफे लागतो तिथे क्रोसाँ रोज लागतात, आणि पेस्ट्रीच्या विभागात एसी खोली, मोठे फ्रिज, बऱ्याचदा पीठ लाटायचं शीटर मशीनही असतं. लॉबीजवळ केकचं काउंटर असेल तर बाहेरच्या माणसालाही माल मिळतो. एक अडचण अशी की बुफेसाठीचे क्रोसाँ छोटे, ३० ते ४० ग्रॅमचे असतात. ते लवकर सुकतात आणि आतली जाळी नीट उमलायला त्यात जागाच नसते. काउंटरवर पूर्ण आकाराचा, ६० ते ८० ग्रॅमचा मिळतो का ते विचारा.

दुसरा टप्पा कॅफेंचा: अकोटा, जुना पादरा रोड, गोत्री, वासणा–भायली. यातले काही स्वतः बनवतात, काही तयार गोठवलेले आणून फक्त भाजतात. गोठवलेला म्हणजे वाईट, असं मुळीच नाही. बटरचा, चांगल्या कारखान्यात थर देऊन लाटलेला आणि दुकानात ताजा भाजलेला क्रोसाँ हा तापलेल्या स्वयंपाकघरात कसाबसा लाटलेल्या हातच्या क्रोसाँपेक्षा उजवा असतो. मात्र तो 'आमच्याकडेच बनतो' असं सांगून त्याच भावात विकला जात असेल तर विचारायचा हक्क आपल्याला आहे.

फतेगंजच्या आसपास विद्यापीठाची मुलं जास्त, त्यामुळे तिथे भरलेले क्रोसाँ खूप: चीज, पनीर, चॉकलेट. पोटभरीला छान. पारख करायला मात्र उपयोगी नाहीत, कारण भरण आतले दोष झाकतं.

घरून बेकिंग करणाऱ्यांना हलक्यात घेऊ नका. या शहरातला सर्वांत मन लावून केलेला क्रोसाँ कधी कधी एखाद्या फ्लॅटच्या एसी खोलीत बनलेला असतो. त्यांच्याशी कसं बोलायचं ते पुढे आहेच.

जाण्याआधी फोन

क्रोसाँचं वेळापत्रक असं असतं: आदल्या दिवशी पीठ मळून, थंड करून, बटर घालून घड्या. आकार देऊन रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी बाहेर काढून २ ते अडीच तास फुगवणं, मग १८० ते २०० अंशांवर १५ ते २० मिनिटं भाजणं, आणि जाळीवर निदान २० मिनिटं निवणं. म्हणजे सकाळी ९ ला ताजा क्रोसाँ विकायचा तर कुणीतरी ६ च्या आत कामाला लागलेलं असतं. जे कॅफे ११ ला उघडतात त्यांचा पहिला ट्रे बारालाही निघू शकतो. तुम्ही उघडताक्षणी गेलात तर कालचाच हातात पडेल.

म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करा आणि दुकानदाराशी नेहमी बोलतो तसं गुजरातीतच विचारा. तीन प्रश्न पुरे.

'ताजा क्रोसाँ केटला वागे नीकळे छे?' ज्याच्याकडे खरंच ओव्हन चालतो तो वेळ सांगतो. 'आखो दिवस ताजा ज होय' असं उत्तर आलं की समजा, माल सकाळी कुठूनतरी येतो किंवा कालचा गरम करून मिळतो.

'अहीं ज बनावो छो के तैयार आवे छे?' उत्तर काहीही असो, सरळ मिळालं तर दुकान विश्वासाचं.

'आमां बटर छे के मार्जरीन?' इथे 'बटर ज छे' ऐकून थांबू नका, कोणतं बटर ते विचारा. बनवणारा माणूस लगेच सांगतो, साधं अनसॉल्टेड की थरांसाठी तयार लादीत येणारं शीट बटर, कंपनी कोणती. ज्याला हे सांगता येत नाही त्याने पिठाला हात लावलेला नसतो.

काउंटरवर उभं राहून

साधा, काही न भरलेला क्रोसाँ मागा. आमंड क्रोसाँ हा मुळात कालच्या उरलेल्या क्रोसाँचा सदुपयोग: पाकात भिजवून, बदामाचं क्रीम भरून पुन्हा भाजलेला. चवीला उत्तम, पण दुकानाची परीक्षा त्यावर होत नाही.

रंग बघा. खरपूस तपकिरी हवा, घड्यांच्या कडांवर त्याहून गडद. आपल्याकडे गडद म्हणजे करपलेलं असा समज असल्यामुळे बरेच दुकानदार मुद्दाम फिकट काढतात, आणि क्रोसाँ बिघडायचं शहरातलं सर्वांत सामान्य कारण हेच आहे. फिकट सोनेरी क्रोसाँ आतून बहुधा कच्चट असतो. ट्रेमधला सर्वांत गडद मागून घ्या.

गुंडाळीच्या पायऱ्या मोजता आल्या पाहिजेत, मधल्या फुगीर भागाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असल्या की छान. पायऱ्यांच्या कडेला वहीच्या पानांसारख्या बारीक रेषा दिसतात, त्या पुसट झाल्या असतील तर थर आत मिसळून गेले. मग हातात घ्या. दिसायला मोठा आणि वजनाला हलका, हे चांगलं लक्षण. मुठीएवढा आणि जड असेल तर ठेवून द्या.

तळ बघायला विसरू नका. कोरडा, एकसारखा तपकिरी तळ हवा. तळ तेलकट, चकचकीत, तळल्यासारखा असेल तर फुगवताना बटर वितळून ट्रेवर आलं आणि क्रोसाँ त्यातच तळला गेला.

कापून बघा

दोन घ्या. एक तिथेच खा, दुसरा घरी.

तिथला मधोमध आडवा कापा, म्हणजे गुंडाळीच्या वळशाचा छेद दिसेल. सुरी दातेरी हवी आणि करवतीसारखी, वजन न टाकता चालवायची. साधी सुरी दाबली की जाळी चिरडते आणि चांगला क्रोसाँही वाईट दिसतो. सुरी पहिल्या कवचातून जाताना स्पष्ट चुर्र आवाज यायला हवा, मग आत अचानक मऊ लागतं. पापुद्रे ताटलीभर उडतात ते उडू द्या, ते पडायलाच हवेत. आता अर्धा तुकडा खिडकीकडे धरा. मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी दिसली पाहिजे: मध्यापासून बाहेर वळत गेलेल्या मोकळ्या खिडक्या आणि त्यांच्यामधल्या भिंती इतक्या पातळ की त्यातून उजेड झिरपतो. बोटाने हलकं दाबा आणि सोडा, तो परत वर यायला हवा. आता एक टोक धरून गुंडाळी उलगडायचा प्रयत्न करा. चांगला क्रोसाँ पट्टीसारखा, ओल्या धाग्यांनी ताणत सुटत येतो.

छेदातला रंग पांढरा दिसला म्हणून नाराज होऊ नका. म्हशीच्या दुधात कॅरोटीन जवळजवळ नसतं, त्यामुळे त्या दुधाचं बटर पांढरंच असतं. गाईच्या दुधाच्या बटरचा छेद पिवळसर येतो. पण गडद पिवळा छेद हा रंग घातलेल्या मार्जरीनचाही असू शकतो, म्हणून पिवळेपणाला बटरचा पुरावा मानू नका.

पुरावा जिभेवर मिळतो. बाहेरचा एक पापुद्रा जिभेवर ठेवून दहा आकडे मोजा, न चावता. बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, तोंड त्याहून गरम असतं, त्यामुळे ते विरघळून दुधाचा वास नाकात येतो. बेकरीचं मार्जरीन मुद्दाम जास्त तापमानाला वितळेल असं बनवतात, कारण ते लाटायला सोपं जातं. ते तोंडात पूर्ण वितळत नाही. वर एक घोट थंड पाणी प्या. टाळूला मेणाचा हात फिरवल्यासारखं वाटलं तर बटर नाही, किंवा नावापुरतं आहे. ही चाचणी चहा-कॉफी पिण्याआधी करा, गरम पेयाने तो थर निघून जातो.

दुसरा क्रोसाँ घरी चार तासांनी खा. बटरचा आणि नीट भाजलेला असेल तर कवच थोडं नरमतं, पण चव टिकते. चार तासांत रबरासारखा झाला तर सकाळची कुरकुर फक्त ओव्हनच्या उष्णतेची होती.

बिघाड दिसला तर कारण काय

छेदात जाळीऐवजी पावासारखा बारीक, एकसारखा स्पंज दिसतो, तेव्हा लाटताना बटर मऊ होऊन पिठात मुरलेलं असतं. त्या क्षणी तो गोड पाव झाला, क्रोसाँ राहिला नाही. बटरची लादी लवचिक राहायला साधारण १२ ते १५ अंशांवर हवी आणि लाटायची खोली २० च्या आत. बडोद्यात एसीशिवाय हे वर्षातले बरेच महिने शक्य नाही.

वरच्या कवचाखाली एकच मोठी पोकळी आणि तळाशी दाट, चिकट थर, हे वेगळं दुखणं. बहुतेक वेळा क्रोसाँ पुरता फुगलेला नसताना ओव्हनमध्ये गेलेला असतो. कधी बटर उलट फार कडक असतं, लाटताना त्याचे तुकडे पडतात, आणि तुकड्यांच्या जागी मोठी भोकं उरतात, बाकी ठिकाणी थरच नसतात.

आतला भाग ओला आणि पिठूळ लागतो तेव्हा भाजणं कमी पडलंय. असा क्रोसाँ बाहेर आल्यावर बसतो, त्याच्या कुशी आत जातात. आंबट वास आणि पसरट आकार असेल तर फुगवणं गरजेपेक्षा जास्त झालंय. खोली २८ अंशांच्या वर असली की यीस्ट धावतं आणि बटरही गळायला लागतं, म्हणून हे दोन दोष उन्हाळ्यात जोडीने भेटतात.

घड्यांबद्दल एक गोष्ट. तिपदरी घडी तीनदा घातली की बटरचे २७ थर होतात, एक चौपदरी आणि एक तिपदरी घातली की १२. जास्त थर म्हणजे जास्त चांगला, असं नाही. १२ थरांत खिडक्या मोठ्या आणि पापुद्रे ठसठशीत येतात, २७ मध्ये जाळी बारीक. त्याहून वाढवत नेलं की थर इतके पातळ होतात की ते एकमेकांत विरून जातात.

अंडं खात नसाल तर

इथे हा प्रश्न रोजचा आहे आणि क्रोसाँच्या बाबतीत उत्तर दिलासा देणारं आहे. बहुतेक पारंपरिक कृतींत पिठात अंडं नसतंच, भाजण्याआधी वरून फक्त ब्रशने लावतात. म्हणजे एगलेस क्रोसाँत आतल्या जाळीचं काहीच नुकसान होत नाही, फक्त वरची चकाकी कमी होते. दूध किंवा दूध आणि क्रीम लावलेला क्रोसाँ जरा मॅट दिसतो, तो नाकारू नका. मात्र हाताला चिकटणारी चकाकी असेल तर भाजल्यावर साखरेचा पाक लावलेला आहे, आणि पाकाने कवच तासाभरात मऊ पडतं.

'आमां ईंडुं छे?' एवढंच विचारलं तर काही दुकानदार पिठाचाच विचार करून नाही म्हणतात. 'उपर पण ईंडुं नथी लगाडता ने?' असं वेगळं विचारा. पाकिटावर हिरवा ठिपका शोधा, अंडं असलेल्या मालावर तो लावता येत नाही.

भाव पटतो का

१ किलो मैद्याला थरांसाठी साधारण ५०० ग्रॅम बटर लागतं आणि त्यातून भाजण्याआधी ८० ग्रॅमचे सुमारे २८ क्रोसाँ निघतात. म्हणजे एकेकात १८ ग्रॅमच्या आसपास बटर. घरी बटरचं पाकीट येतं त्याच्या भावावरून १८ ग्रॅमची किंमत काढा. त्यात दोन दिवसांची मेहनत, एसीचं बिल, वाया गेलेल्या कडा धरा. क्रोसाँ जर त्या बटरच्या किमतीच्या आसपासच विकला जात असेल तर आत बटर असणं शक्यच नाही. उलट महाग आहे म्हणून बटर आहे, असंही नाही, त्यासाठी वरची जिभेची चाचणीच खरी.

घरून बनवणाऱ्यांकडे ऑर्डर

रविवारी हवा असेल तर गुरुवारी सांगा. 'आज सांगा, संध्याकाळी देते' असं कुणी म्हणालं तर आकार दिलेले गोठवून ठेवलेले आहेत का, ते विचारा. असतील तर ठीक. नसतील तर एका दुपारीत क्रोसाँ होत नाही. पिठाला थंडाव्यात विश्रांती मिळाली नाही तर ते लाटताना आखडतं आणि थर फाटतात.

पहिली ऑर्डर चारच नगांची द्या, सगळे साधे. 'थोडे जास्त खरपूस काढा' हे आधीच सांगा, कारण फिकट आवडणारी गिऱ्हाइकंच त्यांना जास्त भेटतात. घेताना खोक्यावर अन्न परवान्याचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक आहे का बघा. आणि जमलं नसेल तर काय जमलं नाही ते नेमकं कळवा: 'तळ तेलकट होता', 'मध्ये चिकट होता'. मन लावून काम करणारी व्यक्ती पुढच्या वेळी ते सुधारते. 'मजा नाही आली' एवढ्यावरून तिला काही करता येत नाही.

पाकिटातले

महिनोन्‌महिने टिकणारे क्रीमवाले क्रोसाँ हा वेगळा खाऊ आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते. मैद्यानंतर पाम तेल, वनस्पती फॅट किंवा मार्जरीन आलं आणि बटर शेवटी, किंवा फक्त फ्लेवर म्हणून, तर काय ते कळलं.

कोणत्या महिन्यात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळच्या गारव्यात साध्या सोयींवर काम करणाऱ्यांचा हातही बरा बसतो. शोधमोहीम याच दिवसांत करा आणि आवडलेल्या दोन-तीन ठिकाणी एप्रिल-मेमध्ये परत जा. पारा ४० च्या वर असताना ज्याच्या छेदात जाळी शाबूत आहे, त्याच्याकडे थंड खोली नक्की आहे, आणि ते ठिकाण वर्षभर धरून ठेवावं. पावसाळ्यात दोष दुकानाचा नसतानाही हवेतला ओलावा कवच तासा-दोन तासांत नरम करतो, तेव्हा सकाळीच खा.

घरी आणणं आणि दुसरा दिवस

अलकापुरीहून मांजलपूरला स्कूटरवर न्यायचे असतील तर कागदी पिशवी, तोंड उघडं. प्लास्टिकमध्ये बांधले की स्वतःच्याच वाफेत ओले होतात. डिकीत ठेवू नका, उन्हात ती भट्टी असते. आणि वर काही ठेवू नका, चुरगळलेली जाळी परत उभी राहत नाही.

उरला तर फ्रिजमध्ये नको. फ्रिजच्या तापमानाला पाव-पिठाचे पदार्थ बाहेरच्यापेक्षा लवकर शिळे होतात. त्याच दिवशी संपणार असेल तर बाहेर, नाहीतर घट्ट गुंडाळून थेट फ्रीझरमध्ये, तिथे दोन आठवडे बरा राहतो. मायक्रोवेव्ह टाळा, मिनिटाभरात चामड्यासारखा होतो. ओटीजी १६० अंशांवर तापवून ५ ते ६ मिनिटं, फ्रीझरमधला असेल तर १० मिनिटं. एअर फ्रायर असेल तर १५० अंशांवर ३ ते ४ मिनिटं पुरतात. ओव्हन नसेल तर नानखटाईसाठी करतो तशी जाड कढई, तळाशी मीठ, वर जाळी, झाकण लावून मंद आचेवर आधी १० मिनिटं तापवा आणि मग क्रोसाँ आत ठेवून ५ ते ६ मिनिटं. बाहेर काढल्यावर दोन मिनिटं थांबा. गरम असताना कवच मऊच लागतं, निवताना ते कडक होतं.